खुटीला पाणी

पाणी शोधायला आलेल्या माणसानं आल्या आल्या पाणीच मागितलं, तेव्हा माझा असा तिळपापड झाला की डोक्यावरची घागर त्याच्या मशीनवर रिकामी करावी असं वाटलं. प्यायला मागितलं असतं तर दिलं असतं. आमच्या हातचं पाणी मागणारा माणूस तसाही विरळाच. पण त्याला ते जमिनीत ओतायला हवं होतं.

"प्रत्येक खुटीला थोडं थोडं," तो म्हणाला. "अर्धी घागर पुरेल."

"अर्धी घागर भरायले किती वेळ लागते, थे तुमच्या मशीनले इचारा," मी म्हणाले आणि घागर घेऊन सरळ घरात गेले.

ही गोष्ट बासष्ट सालच्या वैशाखातली. आमचं पाथरखेड बोरी अरबपासून तीन कोसांवर. गाव उंचावर आणि आमची वस्ती खाली नाल्याच्या काठाला. मी उमरखेडकडची, सातवी पास, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, आणि तिखट जिभेची म्हणून माहेरीच नाव कमावून आलेली. सासूबाई मथुराबाई छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्या आणि परत आल्यावर पहिलं काम त्यांनी काय केलं, तर मेलेली ढोरं ओढायचा दोर नाल्यात फेकून दिला. मग वस्तीनंच ते काम सोडलं. गाव तोंडानं काही बोललं नाही. फक्त गावच्या विहिरीवर आमच्या घागरीत वरून पाणी टाकणारे हात आखडले. कायद्यानं विहीर सगळ्यांची होती, पण कायदा यवतमाळला राहत होता आणि विहीर गावात होती.

तेव्हापासून आम्ही नाल्यात झिरा उकरून पाणी भरायचो. वाळूत खड्डा करायचा, पाणी पाझरेपर्यंत बसून राहायचं, मग वाटीवाटीनं घागर भरायची. वैशाखात तो खड्डा एवढा खोल जायचा की आत वाकलेल्या बाईचे नुसते पाय दिसत. माझं पहिलं पोटातलं तिथंच गेलं. भरली घागर घेऊन चढावर घसरले होते. त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याच्या, श्रावणच्या तोंडी 'एक डाव' हे शब्द यायला लागले. एक डाव गावाचं ऐकू, एक डाव ढोर उचलू, निदान बाईमाणसाला सुखानं पाणी मिळेल. तो वाईट माणूस नव्हता, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटायची. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

ब्लॉक ऑफिसातून आमच्या वस्तीला विहीर मंजूर झाली होती, पण एकच. आजूबाजूच्या गावांत खोदलेल्या विहिरी कोरड्या गेल्या होत्या, म्हणून यावेळी जागा नागपूरच्या कॉलेजातले मशीनवाले साहेब दाखवतील, असं ठरलं होतं. वस्तीतल्या पुरुषांनीही आपसात एक ठरवून ठेवलं होतं. बायकांना सांगायची गरज त्यांना वाटली नाही, पण पातळ भिंतींच्या घरांत काय लपतं? विहीर लागली नाही तर विठ्ठलरावांकडे जायचं. विठ्ठलराव गावातले मोठे कास्तकार. त्यांचा निरोप येऊन पडलेलाच होता: ढोरं पहिल्यासारखी उचला, पाणी पहिल्यासारखं मिळेल.

म्हणजे आमचं सगळं त्या मशीनवर येऊन थांबलं होतं, आणि मशीन पाणी मागत होती.

साहेबांचं नाव वामनराव. तिशीच्या आतबाहेरचे, किडकिडीत, आणि नखं खायची सवय इतकी की बोटांची टोकं लाल झालेली. सासूबाईंनी त्यांना बाजेवर बसवलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. त्यांनी ते पाणी सगळं पिऊन टाकलं, हे मी दाराआडून पाहिलं आणि माझा राग थोडा उतरला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. जमिनीत एका रेषेत चार लोखंडी खुट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुट्यांतून बॅटरीची वीज सोडायची आणि आतल्या दोन खुट्यांवर काटा पाहायचा. कोरडा दगड विजेला अडवतो, तेव्हा काटा चढतो; ओली जागा तिला वाट देते, तेव्हा उतरतो. जितकं खोल पाहायचं तितक्या बाहेरच्या खुट्या लांब न्यायच्या. पण आमच्या काळ्या जमिनीला वैशाखात हात हात भेगा पडलेल्या. त्या भेगांत खुटी नुसती लटकत होती, तिला मातीची पकडच नव्हती. काटा थरथरत राहायचा. म्हणून खुटीभोवती पाणी घालून माती बसवायची.

"नागपूरले कसं करत होते?" सासूबाईंनी विचारलं.

"तिथं कॉलेजच्या बागेत केलं. माळी पाणी घालायचा, माती ओलीच असायची," वामनराव म्हणाले. "फार छान जुळलं होतं. मशीननं जेवढ्या खोलीवर पाणी दाखवलं, तेवढ्याच खोलीवर बागेतल्या विहिरीला पाणी होतं."

"विहीर आंधीच होती?"

"हो. पडताळून पाहायला पाहिजे ना."

"म्हंजे पोरगं झाल्यावर सांगतलं, पोरगं होईन म्हून," सासूबाई म्हणाल्या.

मला हसू आवरेना. वामनरावही हसले, पण लगेच नख तोंडात गेलं. सासूबाईंनी थट्टा केली आणि लगेच मार्गही काढला. वस्तीतल्या घराघरांतून न्हाणीचं, भांड्याचं पाणी जमा करायचं, ते सांडू द्यायचं नाही, सगळं खुटीला द्यायचं. राखेचं पाणी चालेल का, मी मुद्दाम खवचटपणे विचारलं. चालेल, उलट बरंच, असं ते म्हणाले. तेव्हापासून सकाळी आंघोळ परातीत उभं राहून आणि खरकटं पाणी मडक्यात. आमच्या दारची केळसुद्धा तहानलेली आणि सरकारी खुटी मात्र न्हालेली.

पहिल्या दिवशी वस्तीच्या पट्टीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, काट्यानं पाणीच पाणी दाखवलं. माझ्या घराच्या मागं पाणी, समाजाच्या ओट्यापाशी पाणी, उकिरड्याखाली पाणी. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. श्रावणनं तर उकिरडा हलवायची तयारी केली. एकट्या वामनरावांचा चेहरा उतरला.

"एवढं सगळीकडे असू शकत नाही," ते म्हणाले.

त्यांनी हातावर मातीचं ढेकूळ घेऊन दाखवलं. नागपूरच्या बागेत हातभर मातीखाली मुरूम लागायचा. इथं काळी माती, तिच्याखाली चिकण पिवळी माती, ती कुठवर गेली आहे कुणाला ठाऊक. ही चिकण माती जराशी ओल धरून बसली तरी विजेला वाट देते, पण माणसाला थेंब देत नाही. मशीनला ती पाण्यासारखीच दिसते. तिच्याखाली काय आहे ते पाहायचं तर खुट्या अजून लांब न्यायला पाहिजेत. आणि आमची पट्टी संपली होती. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला विठ्ठलरावांचं वावर.

"तिथं जुळलं ना, इथं काहून जुळत नाही?" श्रावणनं जरा चढ्या आवाजात विचारलं.

"तिथं जागा होती," वामनराव म्हणाले. "तिथं कुणाला विचारावं लागत नव्हतं."

मला त्या माणसाची दया आली, आणि आपली त्याहून जास्त. हा शिकलेला, यंत्र घेऊन आलेला माणूसच जर घाबरलेला, तर आमच्यासारख्यांनी कुणाच्या तोंडाकडे पाहायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धीर करून विठ्ठलरावांच्या नांगरलेल्या वावरात एक खुटी ठोकली. तो घणाचा आवाज गावात पोचला असावा, कारण विठ्ठलराव रुमाल बांधत बांधतच आले. तेव्हा सिलिंगचा कायदा नुकताच लागू झालेला. जास्तीची जमीन सरकार घेणार, ती भूमिहीनांना देणार, अशा बातम्या गावोगाव. वावरात वायर ताणलेली, खुटी ठोकलेली, आणि सोबत आमच्या वस्तीची माणसं, हे पाहिल्यावर त्यांना दुसरं काय वाटणार?

"हे मोजनी कायची?" ते ओरडले.

"मोजणी नाही, पाणी पाहतोय," वामनराव म्हणाले.

"पानी यायच्या वस्तीत पाह्यजे, अन् खुटी माह्या वावरात कायले? आज खुटी ठोकसान, उद्या धुरा सरकवसान! मले शिकवू नोका साहेब, म्या लय पाह्यले मोजनीवाले."

त्यांनी खुटी उपटली आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे आमच्या बाजूला फेकली. ती सासूबाईंच्या पायापाशी पडली. सासूबाईंनी ती उचलली, पदरानं पुसली आणि वामनरावांच्या हातात दिली. मी मात्र बोलले असते, श्रावणनं माझा दंड धरून ठेवला होता.

त्याच दिवशी दुपारी विठ्ठलरावांचा एक म्हातारा बैल मेला. ढोरं उचलायला दारव्ह्याकडचा माणूस यायचा, तो आला नाही. मग विठ्ठलरावांच्या गड्यांनी बैल गाडीला बांधून वावराबाहेर काढला आणि पांदणीत, म्हणजे दोन वावरांमधल्या गाडीवाटेत, टाकून दिला. नाल्यातल्या झिऱ्याकडं जायची आमची वाट तीच. कुणी काही बोललं नाही. बैलच बोलत होता: उचला, नाहीतर रोज माझ्या अंगावरून जा.

आम्ही रोज नाकाला पदर लावून बाजूनं जायला लागलो. श्रावणची 'एक डाव'ची टकळी आता वस्तीतल्या आणखी चारदोन पुरुषांच्या तोंडी आली. सासूबाईंनी जेवण सोडलं नाही, रडल्या नाहीत, पण रात्री त्यांच्या कुशी बदलण्याचा आवाज मला ऐकू यायचा.

पांदण सरकारी होती. वामनरावांच्या ध्यानात ते आलं तेव्हा ते जवळजवळ पळतच आमच्या दारात आले. पांदणीत खुट्या ठोकायला कुणाची परवानगी लागत नाही. ती वस्तीच्या टोकापासून बरीच लांब सरळ जाते. खोल पाहता येईल. मग त्यांनी पावलं मोजली आणि त्यांचा उत्साह ओसरला. शेवटची खुटी ऐन बैलापाशी येत होती.

"अलीकडे नाही का चालत?" मी विचारलं.

"अलीकडे घेतलं तर चिकण मातीच दिसेल. पुन्हा तेच."

पुरुषांतलं कुणी पुढे येईना, आणि त्याचं कारण मला कळत होतं. हातात घण घेऊन बैलाकडे जाणारा वस्तीचा माणूस गावाला दिसला, की गाव म्हणणार, आले. एकदा ते शब्द गावाच्या तोंडून निघाले की परत घालता येणार नाहीत. घण वामनरावांनीच उचलला. पाणी न्यायला मी निघाले. सासूबाई म्हणाल्या, "जाय. मान खाली घालू नोको."

धुऱ्यावर माणसं जमली होती. विठ्ठलराव छत्री घेऊन बाभळीखाली. गिधाडं बैलावरून उठली आणि जरा दूर जाऊन बसली, उठायला सांगितलेल्या पाहुण्यांनी जरा सरकून बसावं तशी. वास असा की डोळ्यांतून पाणी. वामनरावांनी रुमाल नाकाला बांधला होता, पण दोन्ही हात घणाला लागल्यानं तो सारखा घसरत होता. घण खुटीवर पडायच्या ऐवजी दोनदा दगडावर पडला. मला वाटत होतं, आता ओकारी येणार, आणि मी ओकले तर ते धुऱ्यावरचे लोक हसतील. मी दात आवळून ओणवी झाले आणि खुटीच्या मुळाशी पाणी ओतलं. भेगेनं ते एका घोटात पिऊन टाकलं. मी अजून ओतलं.

"आले, आले बैलापाशी!" कुणीतरी ओरडलं.

"पान्यापाशी आलो!" मी मान वर करून ओरडले. ते त्यांना ऐकू गेलं एवढं खरं.

काटा पाहिला. वामनरावांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच उजेड आला. चिकण मातीखाली कडक दगड, आणि त्याच्याही खाली काटा पुन्हा उतरत होता. दगडाखाली पाणी असावं. असावं, असंच ते म्हणाले. खात्री करायला त्यांनी पुन्हा एकदा मोजायचं ठरवलं, पण तोवर ऊन चढून खुटीची माती सुकली होती. वस्तीतलं न्हाणीचं पाणी संपलं होतं. सासूबाईंनी घरातली प्यायची घागर पाठवली. ती रिकामी करताना माझा हात खरंच आखडला. ओतली.

दुसऱ्यांदा काटा उतरला नाही. चढतच राहिला.

"आता कोनतं खरं?" मी विचारलं.

वामनराव एकेक कारण मोजायला लागले. पांदण पुढं जरा वाकते त्यामुळे असेल, माती सुकली त्यामुळे असेल, वायर तापली त्यामुळेही असेल. बागेत पन्नास वेळा मोजता यायचं, म्हणाले. मग अगदी हळू, जणू मशीनलाही ऐकू जाऊ नये असं, म्हणाले, "मला माहीत नाही."

तरीही जागा दाखवावीच लागणार होती. वस्तीच्या टोकाला, पांदण सुरू होते तिथं, त्यांनी चुन्यानं गोल काढला. त्या दोन काट्यांबद्दल मी घरी फक्त सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "श्रावनले सांगू नोको."

खोदाई सुरू झाली. काळी माती गेली, पिवळी चिकण माती आली, ओली, हाताला लोण्यासारखी. वस्तीत गूळ वाटायची भाषा सुरू झाली. मग चिकण माती संपली आणि काळा पाषाण लागला. सब्बल मारली की ठिणगी उडायची आणि खाली कोरडी पांढरी भुकटी. एक दिवस, दोन दिवस, तेच. श्रावण संध्याकाळी वर आला की हातपाय धुवायला पाणी मागायचा नाही, तसाच बाजेवर पडायचा. विठ्ठलरावांच्या गोठ्यात एक गाय मरायला टेकली आहे, हे त्यानं मला अगदी साध्या आवाजात सांगितलं.

ब्लॉकाचे ओव्हरसियर हिरासिंग जीपनं आले, ते काम बंद करायलाच. भला माणूस, पोट सुटलेला, बोलणं अर्धं हिंदी. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. पाषाण फोडायला सुरुंगाची मंजुरी नव्हती. मंजुरी ते देऊ शकत होते, पण खाली पाणी आहे असं साहेबांनी सांगितलं तरच. नागपूरहून वामनरावांना त्यांनी सोबतच आणलं होतं.

विहिरीच्या काठाला सगळी वस्ती उभी. पुरुष एका बाजूला, त्यांचं ठरलेलं. श्रावणच्या खांद्यावर नवा दोर होता. विहिरीतली माती ओढायला आणलाय, असं तो म्हणाला होता, पण माती काढायचा दोर विहिरीवर आधीच होता. सासूबाईंनी तो पाहिला. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि या बाईचं वय झालंय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"साहेब, देखो, मले लंबी बात समजत नाही," हिरासिंग म्हणाले. "तुमची मशीन पथ्थराच्या खाली पानी दाखवते का नाही? हो का नाही, बस."

वामनरावांनी बोलायला तोंड उघडलं. ते काय बोलणार हे मला ठाऊक होतं. एकदा दाखवलं, एकदा नाही, त्यामुळे सांगता येत नाही. ते खरं होतं. आणि ते खरं आम्हाला त्या दोरापर्यंत घेऊन जाणार होतं. मी मनात ओरडत होते, हो म्हणा, हो म्हणा, तुमचं काय जातं! पण त्यांचं काय जातं तेही मला कळत होतं, कारण त्यांचं बोट तोंडात होतं आणि त्यातून रक्त आलं होतं. त्यांनी एकवार आमच्याकडे, बायकांकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "दाखवते."

श्रावणनं खांद्यावरचा दोर खाली ठेवला. मला रडू फुटलं, आणि मी ते धुळीवर ढकललं.

पुढच्या आठवड्यात सुरुंग आले. दोन उडाले आणि नुसता दगड निघाला. तिसऱ्याच्या वेळी आम्ही सगळे नाल्याच्या आडोशाला बसलो होतो. वामनरावही होते, ते कॉलेजातून सुट्टी काढून आले होते, आणि आमच्यात बसून त्यांनी कान एवढे घट्ट दाबले होते, जणू सुरुंग त्यांच्याच पोटात लावलाय. धडाका झाला. दगडांचा पाऊस थांबल्यावर पुरुष पळाले. बराच वेळ खालून काही आवाज नाही. तो वेळ मला आजही काढता येणार नाही. मग श्रावणची आरोळी आली, आणि तिच्यात शब्द नव्हतेच.

पाणी आलं होतं. तळातून नव्हे, नाल्याच्या बाजूच्या कपारीतून, मनगटाएवढी धार. तासाभरात तळ झाकला. बाया नाचायला लागल्या. कुणीतरी पंचशीलाचा झेंडा आणून काठावर रोवला. सासूबाई खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला एवढा आनंद झाला की मी सगळ्यांसमोर श्रावणच्या ओल्या डोक्यावर थापट्या मारल्या.

हिरासिंगांनी वामनरावांच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांचा चष्मा खाली आला. "मान गये साहेब! कलेक्टरसाहेबाले आजच सांगतो. आता जिथं जिथं पानी नाही तिथं तुमची मशीन. पुरा जिल्हा! झरी जामनीच्या जंगलापावतर पाठवतो. ज्याले शंका अशीन त्यानं येऊन ही विहीर पाह्यजे."

ते जीपकडे गेले तसे वामनराव आमच्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा मयताला आलेल्या माणसासारखा होता.

"पाणी नाल्याच्या बाजूनं आलंय," ते हळू म्हणाले. "तिकडे खोल पाहायला मी एकही खुटी ठोकली नव्हती. मशीननं हे पाणी पाहिलंच नाही. आणि आता हीच विहीर पाहून सगळे मशीनवर विश्वास ठेवणार."

"मंग तवा हो काहून म्हनलं?" मी विचारलं.

"तुम्ही समोर उभ्या होता."

सासूबाई उठल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आमच्यासाठी खोटं बोललात साहेब, तुमचे उपकार जलमभर फिटनार नाही. पन आता बस. म्होरल्या गावात खरं सांगा. समजत नाही तं समजत नाही म्हना."

"आणि तिथंही तुमच्यासारखीच एखादी वस्ती काठावर उभी असेल तर?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. गावाला, सरकारला, नवऱ्याला, कुणालाही उत्तर देताना ही बाई कधी अडली नव्हती. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला तरी काही सुचतंय का म्हणून.

जीपचा भोंगा वाजला. वामनरावांनी मशीनच्या पेट्या उचलल्या आणि ते गेले. झरी जामणीकडे कुठल्या तरी वस्तीत, आमच्या विहिरीचं नाव ऐकून, एखादी बाई आपल्या घरातली शेवटची घागर उचलणार होती, आणि तिला कुणी काही सांगणार नव्हतं. खालून श्रावणनं बादली वर पाठवली. मी ओंजळ भरून प्याले. पाणी गोड होतं.